मोठ्या बोअरचं पिस्तूल: भरवशाचं आणि खिशाला झेपेल असं कुठलं?

रानवाटसरू | १४ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे इतकी वर्षं ट्रेकचे धागे काढले, हा धागा काढताना मात्र जरा अवघडल्यासारखं होतंय.

मी मूळचा संगमनेरचा, कळसूबाई-हरिश्चंद्रगड करत वाढलो. चौदा वर्षं कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आहे, नागरिकत्व गेल्या वर्षी मिळालं. दर ऑगस्टमध्ये आम्ही तिघं वायोमिंगच्या विंड रिव्हर डोंगरांत सहा-सात दिवस पाठीवर बिर्‍हाड घेऊन हिंडतो. गेल्या वर्षी ग्रीन रिव्हर लेक्सच्या वर, संध्याकाळी पाणी भरायला गेलो तर साठ-सत्तर पावलांवर ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) मादी, सोबत दोन पिल्लं. ती उभी राहिली, हवा हुंगली आणि निघून गेली. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) कमरेला होता. तो काढायचं लक्षात आलं ते ती गेल्यावर!

तर यंदा स्प्रेच्या जोडीला पिस्तूल घ्यावं म्हणतोय. एकूण बजेट ७०० डॉलर. अनुभव शून्य, कॉलेजात एनसीसीत .२२ रायफलचे दहा-वीस बार काढले असतील तेवढेच. दुकानात बोअरवर, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापावर, तीन मतं ऐकली: एक म्हणाला .४५ (इंच) घे, दुसरा १० एमएम, तिसरा .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्वर. प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. आणखी एक, वायोमिंगमधलं शायेन इथून पाऊण तासावर आहे. तिकडे जाऊन घेतलं तर कर वाचेल का?

---

बंडोपंत_बोल्डर | १४ जुलै, रात्री ११:०५

शायेनचं विसरा. पिस्तूल-रिव्हॉल्वर तुम्ही राहता त्याच राज्यात घ्यावं लागतं, हा केंद्राचा कायदा आहे. तिकडचं आवडलंच तर ते इकडच्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवायचं, त्याची फी भरायची आणि इथलेच कागद करायचे. म्हणजे पेट्रोल वर गेलं. शिवाय एप्रिल २०२५ पासून कोलोरॅडोत बंदुकीवर आणि काडतुसांवरही साडेसहा टक्के जादा कर आहे. कागदावर तो दुकानदारावर आहे, पण तो कुणाच्या खिशातून जातो ते सांगायला नको.

अवांतर: हे सगळं इथल्या अस्वलांसाठी असेल तर पैसे वाचवा. कोलोरॅडोत आता फक्त काळी अस्वलं. इथली शेवटची ग्रिझली १९७९ साली मारली गेली, तेही एका शिकार्‍याने हातातल्या बाणाने भोसकून. तोपर्यंत सरकार म्हणत होतं की राज्यात ग्रिझली उरलेलीच नाही. वायोमिंगचं वेगळं, तिकडे आहेत.

---

टेक्सन_तात्या | १५ जुलै, सकाळी ७:४०

.४५. विषय संपला. (ह. घ्या., पण फार हलकं घेऊ नका.)

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन फौज फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी झुंजत होती. हातात .३८ ची रिव्हॉल्वरं. गोळी लागूनही माणूस अंगावर येतो अशा तक्रारी आल्या, मग १९०४ मध्ये चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष निघाला: .४५ पेक्षा लहान नको. जॉन ब्राउनिंगने त्या गोळीभोवती पिस्तूल बेतलं. निवड चाचणीत त्याच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. मार्च १९११ मध्ये फौजेने घेतलं ते १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून टिकलं. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम. आता बोला.

गंमत अशी की स्वस्तातलं चांगलं १९११ (त्या पिस्तुलाचं नावच ते) आज कुठून येतं, तर फिलिपिन्सच्या मारिकिना शहरातून! रॉक आयलंड नावाने विकतात, पाचशेच्या आसपास. तुर्कस्तानातलं टिसास त्याहूनही थोडं कमी. दोन्ही नेमबाजीच्या रेंजवर पाहिली आहेत, पैशाच्या मानाने उत्तम.

आता खरं सांगायलाच हवं. माझं पहिलं १९११ यांपैकी नव्हतं, चांगलं महागडं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. गोल टोकाच्या साध्या गोळ्या लोण्यासारख्या जायच्या. पोकळ टोकाच्या घातल्या की दर दुसर्‍या मॅगझिनला (मुठीत बसतो तो गोळ्यांचा खोका) गोळी तोंड वर करून नळीच्या उंबर्‍यावर अडकायची. दोनदा परत पाठवलं. शेवटी एका म्हातार्‍या कारागिराने उंबरा घासून दिला, तेव्हा शहाणं झालं. त्याच्यासमोर ब्राउनिंगचं नाव काढलं तर म्हणाला, "त्याने गोल गोळीसाठी बनवलं होतं, तू काय घातलंस ते त्याला काय माहीत?"

---

फिनिक्सचा_पेंढारी | १५ जुलै, सकाळी ९:१५

तात्या, १९८५ ला फौजेने .४५ सोडलं हे सांगितलंत, का सोडलं ते गाळलंत :)

१० एमएमची गोष्ट मी सांगतो. १९८३ मध्ये ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलासोबत ही गोळी आली. पिस्तूल काही चाललं नाही, कंपनी बुडाली, गोळी मात्र उरली. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. मग एफबीआयने जास्त खोल जाणारी गोळी शोधायला घेतली आणि १० एमएमवर आली. तिचा धक्का बर्‍याच एजंटांना झेपेना, म्हणून काडतुसातली दारू कमी केली. दारू कमी तर एवढी लांब पुंगळी (काडतुसाचं कवच) कशाला, म्हणून ती कापून १९९० मध्ये .४० बनवली. १० एमएम अडगळीत गेली. तिला बाहेर काढलं शिकारी आणि अस्वलांच्या मुलखातल्या लोकांनी. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी पांढर्‍या अस्वलांसाठी ग्लॉक २० हे पिस्तूल बाळगते. १० एमएमच.

---

काडतूसवाले_काका | १५ जुलै, सायं. ६:३० (पुणे)

मुलांनो, नोकरीची सगळी वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली (१८६९ चा कारखाना बरं का, आमच्या आजोबांच्याही आधीचा). पिस्तुलातलं मला फार कळत नाही, काडतुसातलं कळतं.

तुम्ही सगळे बोअरवर भांडताय. बोअर म्हणजे नळीचं भोक. मोठं भोक म्हणजे मोठी ताकद, हा समज आधी सोडा. .४५ ची गोळी साडेअकरा मिलिमीटर जाड, वजन २३० ग्रेन (पंधराएक ग्रॅम), वेग सेकंदाला ८३०-८५० फूट. दाबाची कमाल मर्यादा २१,००० पीएसआय. १० एमएमची गोळी सव्वा मिलिमीटरने बारीक, पण दाब ३७,५०० पर्यंत. जंगलासाठी विकतात त्या २२० ग्रेनच्या कडक शिशाच्या गोळीला १,२०० फूट वेग देतात. हिशेब मांडा: .४५ ची ऊर्जा साडेतीनशे फूट-पाउंडच्या आसपास, या १० एमएमची सातशे. बारीक भोक, दुप्पट ताकद. .४४ मॅग्नम त्याच्याही वर, नऊशेच्या पुढे.

माणसासाठी आणि कागदासाठी .४५ ने काही बिघडत नाही. चार इंच चरबी, तिच्याखाली स्नायू, त्याखाली हाड असेल तर रुंद गोळीपेक्षा आत जाणारी गोळी हवी. पोकळ टोकाची तर नकोच, ती वरच्यावर फुलून बसते.

---

अवनी_मिसूला | १५ जुलै, रात्री ८:५०

काकांशी शंभर टक्के सहमत. मी मोंटानात वन्यजीवांच्या फील्डवर्कवर असते, अस्वलांच्या वाटांवर कॅमेरे लावणं हे माझं रोजचं काम. म्हणून थोडं थंड पाणी ओतते.

अलास्कातल्या घटनांवरचे दोन अभ्यास इथे सगळे सांगत असतात. २००८ च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलाचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबवलं, आणि स्प्रे वापरणार्‍यांपैकी ९८ टक्के लोकांना खरचटलंही नाही. २०१२ चा बंदुकांवरचा: पिस्तूल-रिव्हॉल्वर ८४ टक्के, रायफल-शॉटगन ७६. स्प्रेवाले ९२ दाखवतात, बंदूकवाले "८४ काही कमी नाही" म्हणतात. मला त्या दुसर्‍या अभ्यासातलं वेगळंच वाक्य महत्त्वाचं वाटतं: बंदूक जवळ असून ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी नाही वापरली, दोघांच्या इजा होण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. म्हणजे बहुतेकांना वेळच मिळत नाही.

रानवाटसरू, तुमचीच गोष्ट बघा. धावत आलेली ग्रिझली तासाला पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. चाळीस मीटरवरून निघाली तर तीन सेकंदांत तुमच्यावर. गेल्या वर्षी स्प्रे काढायचंच सुचलं नाही, तिथे पिस्तूल काढून, नेम धरून, दोन गोळ्या डोक्याच्या टप्प्यात घालायच्या? आधी स्प्रे काढायचा सराव करा. सरावाचे निष्क्रिय डबे मिळतात. अंगणात करा, मुलांना अस्वल व्हायला सांगा. हसू नका, आमच्याकडे दर मे महिन्यात सक्तीने करून घेतात.

तरी मीही पिस्तूल बाळगते. वारा तोंडावर असला की स्प्रे स्वतःच्याच डोळ्यात येतो, आणि तंबूत तर विचारूच नका. ग्लॉक २०, छातीवरच्या होल्स्टरमध्ये (म्यानात). कमरेवर नाही, कारण सॅकचा पट्टा तिथेच येतो. पिस्तूल सॅकमध्ये असेल तर ते घरी असल्यासारखंच.

---

अँकरेजचा_वर्‍हाडी | १६ जुलै, पहाटे ४:१०

राजेहो, एवढी चर्चा आन् रिव्हॉल्वरचं नाव कोनी घेत नाही. अस्वल अंगावर आलं की पिस्तूल त्याच्या अंगाला टेकते. स्लाइड (वरचा सरकता भाग) दोन मिलिमीटर मांगं सरकली की बार निघत नाही. रिव्हॉल्वर टेकवा, दाबा, निघते. पालथं पडून एका हातानं चालवा, तरी चालते. माह्याकडे .४४ आहे, बारा वर्षांपासून. मासे धरायला जातो तवा सोबत असतेच.

---

काडतूसवाले_काका | १६ जुलै, सकाळी ७:००

वर्‍हाडी भाऊ, टेकवण्याचा मुद्दा मान्य. पण "रिव्हॉल्वर अडकत नाही" असं कुणी म्हटलं की माझा कान उभा राहतो. हलकं .४४ घ्या, आत जबर दारूचं काडतूस घाला. पहिल्या धक्क्यात बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वाने पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी पुढे डोकावली की काडतुसांचं चक्र फिरत नाही. पिस्तुलात अडकलं तर स्लाइड ओढून निघतं. ते चक्र सोडवायला हातोडी लागते.

पिस्तुलात याच्या बरोबर उलट होतं आणि घरोघर होतं, कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्री पिस्तूल रिकामं करायचं, सकाळी तेच वरचं काडतूस परत नळीत चढवायचं. रोज. उंबर्‍यावर आपटून आपटून गोळी पुंगळीत मागे बसत जाते, आतली जागा कमी होते, दाब वाढतो. १० एमएममध्ये मुळातच दाब जास्त. म्हणून दर वेळी तेच काडतूस चढवू नका, आणि अधूनमधून नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. नखभर फरक दिसला तरी बाजूला काढा.

---

अँकरेजचा_वर्‍हाडी | १६ जुलै, सकाळी १०:३०

काकाजी, खरं आहे तुमचं. माह्या सोबत्याच्या हलक्या .४४ मंदी असंच झालं होतं, तिसर्‍या बारालाच चक्र जाम. माहं जड आहे, सव्वा किलोच्या जवळ, म्हनून झालं नाही वाटते. पन पाठीवर सात दिवसांचं ओझं असन तर जड रिव्हॉल्वर नको, हे मी बी मानतो. आन् ७०० मंदी नवं चांगलं .४४ भेटत बी नाही, हजाराच्या आसपास जाते.

---

मुळशीचा_मावळा | १६ जुलै, दुपारी १:००

मला एक कळत नाही, मराठी माणसाला पिस्तूल हवंच कशाला? तिकडे शाळांमध्ये काय चाललंय ते रोज बातम्यांत बघतो. अस्वलाच्या घरात जायचं आणि त्यालाच गोळी घालायची. सह्याद्रीत या की परत!

---

बंडोपंत_बोल्डर | १६ जुलै, दुपारी १:४५

पटण्यासारखं आहे, पण वेगळा धागा काढा. तिथे मीही येईन आणि बहुधा तुमच्याच बाजूने. इथे माणसाने मॉडेल विचारलंय.

---

हिशेबनीस | १६ जुलै, रात्री ९:३०

कॅलिबरवर तीसेक प्रतिसाद होतील, पैशावर कोणी बोलणार नाही, म्हणून आलो. ७०० डॉलर पिस्तुलाचे की सगळ्याचे? सगळ्याचे असतील तर नवं पिस्तूल बसत नाही.

ग्लॉक २० नवं सहाशेच्या वर. स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.० आता १० एमएममध्येही येतं, तेही त्याच घरात. .४५ मध्ये ग्लॉक २१ तसंच. त्यावर कर. छातीवरचं बरं होल्स्टर शंभर-सव्वाशे. कान आणि डोळ्यांचं संरक्षण पन्नास. तिजोरी किंवा कुलुपाची पेटी नसेल तर ती. कोलोरॅडोत २०२५ पासून गाडीत पिस्तूल ठेवून जायचं तर टणक कुलूपबंद पेटीत, नजरेआड आणि गाडी लॉक, असा नियम आहे. ट्रेलहेडवर (ट्रेक सुरू होतो तिथे) गाड्या फोडतात हे तुम्हाला सांगायला नको.

आणि खरा खर्च पुढेच. सरावाच्या काडतुसांचे भाव वरखाली होतात, तरी साधारण ९ एमएम पाव डॉलरला एक पडतं, .४५ चाळीस-पंचेचाळीस सेंट, १० एमएम पन्नास-साठ, .४४ डॉलरच्या आसपास. जंगलातली २२० ग्रेनची खास गोळी दीड डॉलरच्या आगेमागे. हात बसायला निदान पाचशे गोळ्या धरा. १० एमएमला पावणेतीनशे डॉलर झाले. .४४ ला पाचशे. म्हणून .४४ वाले सराव करत नाहीत आणि सहा गोळ्यांची पेटी दहा वर्षं पुरते (वर्‍हाडी भाऊ सोडून, ते रागावतील).

स्वस्तात स्वस्त म्हणाल तर ओहायोच्या मॅन्सफिल्डमधलं हाय-पॉइंट, .४५ मध्ये, दोनशेच्या आसपास. लोक हसतात, पण वॉरंटी आयुष्यभराची आहे. वजन मात्र रिकामं असतानाच किलोभर, कारण आत नळी अडवून धरणारी कुलपाची रचनाच नाही. जड स्लाइडच्या वजनावर सगळं भागवलंय. घरात ठेवायला चालेल, सात दिवस छातीवर घेऊन चढायला नाही.

माझा सल्ला: वापरलेलं घ्या. ग्लॉक २० जुनं चांगल्या अवस्थेत साडेचारशे-पाचशेत मिळू शकतं. बहुतेकांनी अस्वलासाठी घेतलेलं असतं, शंभर गोळ्या मारतात, मनगट दुखतं आणि विकतात.

---

फिनिक्सचा_पेंढारी | १६ जुलै, रात्री १०:१५

+१. वापरलेलं बघताना: नळी काढून उजेडाकडे धरा, आत फुगवट्याची कडी दिसली तर ठेवून द्या. स्लाइड मागे ओढून सोडा, ती पूर्ण बंद झाली पाहिजे, अंगठ्याने ढकलावी लागता कामा नये. गोळी चढवणार्‍या स्प्रिंगची चौकशी करा, ती बदलायला फार पैसे पडत नाहीत. आणि ग्लॉकची मूळ नळी उघड्या शिशाच्या गोळीसाठी नाही, कंपनीच नको म्हणते, आत शिसं चढत जातं. दहा-वीस गोळ्या जंगलासाठी ठीक म्हणणारे पुष्कळ आहेत. मी वेगळी नळी बसवली, सव्वाशे डॉलर गेले, झोप लागते. नाहीतर तांब्याच्या आवरणाची जड, चपट्या टोकाची गोळी घ्या.

कोलोरॅडोत मॅगझिनची मर्यादा १५ गोळ्या. ग्लॉक २० चं मूळ मॅगझिन १५ चंच. देव पाठीशी आहे.

---

नवा_गडी_ऑस्टिन | १७ जुलै, सकाळी ८:००

मध्येच विचारतो. मी एच-१बी वर आहे. मित्र ग्रीनकार्डवाला आहे, त्याने त्याच्या नावावर घेतलं आणि मी पैसे दिले तर चालेल ना? रेंजपुरतंच हवंय.

---

सुमेधा_व | १७ जुलै, सकाळी ८:२५

नाही, नाही आणि नाही. कृपया हे इथे लिहूही नका. बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर प्रश्नच असतो की खरे खरेदीदार तुम्हीच का. दुसर्‍याच्या पैशाने दुसर्‍यासाठी घेणं म्हणजे केंद्रीय गुन्हा, मित्राचं ग्रीनकार्ड जाईल आणि तुमचा व्हिसा. दुसरं, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही सर्वसाधारणपणे बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागणारा म्हणजे राज्याचं मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. तेही कुठल्यातरी धाग्यावर वाचून नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून. ग्रीनकार्डवाले आणि नागरिक स्वतःसाठी घेऊ शकतात.

रानवाटसरू, तुम्हाला अडचण नाही. कोलोरॅडोत पार्श्वभूमी तपासणी राज्याची सीबीआय करते (इथली, आपली नव्हे), आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस थांबावं लागतं. ऑगस्टचा ट्रेक असेल तर शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नॅशनल पार्कमध्ये २२ फेब्रुवारी २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बाळगता येतं. झाडायला मात्र परवानगी नाही, जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी आणि मग चौकशी आहेच.

---

सातारी_कंदी | १७ जुलै, दुपारी २:१०

बघा की राव, आम्हाला इथं ऊसात बिबट्या येतोय, आम्ही काय घ्यायचं? तुमचं ग्लॉक मिळतं का इकडं?

---

काडतूसवाले_काका | १७ जुलै, सायं. ६:१५

मिळत नाही बाबा. आपल्याकडे ९ एमएम आणि .४५ प्रतिबंधित बोअरमध्ये, सामान्य नागरिकाला नाही. परवाना मिळालाच तर .३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, कानपूरचं वगैरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं, पूर्वी तीन चालायची. आणि .३२ घेऊन बिबट्यापुढे जाऊ नकोस, त्याला नुसता राग येईल. शिवाय तो अनुसूची १ मधला प्राणी, तू आत जाशील. दिवा, काठी, दोघं मिळून जाणं आणि वनखात्याला फोन, एवढंच.

---

रानवाटसरू | १७ जुलै, रात्री ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचे प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलेत. शनिवारी रेंजवर भाड्याने मिळतात ती घेऊन बघतो, मग ठरवतो. अवनी, स्प्रेचा सराव आज अंगणात केला. धाकटी अस्वल झाली होती. पहिल्या तीन वेळा तिने मला खाल्लं.

---

टेक्सन_तात्या | १८ जुलै, सकाळी ७:००

भाड्याने घेताना .४५ आधी चालवा. १० एमएम आधी चालवलीत तर हात थरथरत राहील आणि नाव .४५ चं खराब होईल.

---

रानवाटसरू | ६ ऑगस्ट, रात्री ९:५०

उशिरा लिहितोय, माफ करा. हिला पण घेऊन गेलो होतो, "तुझ्या गळ्यात काय पडतंय ते मला बघू दे" म्हणाली.

तात्यांचं ऐकून आधी .४५ चं १९११. सात यार्डांवर कागदी जेवणाची प्लेट टांगली. पहिला बार काढला आणि लक्षात आलं की मी डोळे मिटलेत. आवाजापेक्षा छातीत जे बसतं ते कुणी सांगितलं नव्हतं, शेजारच्या लेनमधून कोणी झाडलं तरी बरगड्या कळतात. .४५ चा धक्का ढकलल्यासारखा, रेटून मागे नेतो. आठातल्या पाच प्लेटवर. हिने घेतलं, आठपैकी सात. मग म्हणाली, "हे छान आहे, जुन्या स्कूटरसारखं." तात्या, तुमचं एक मत पक्कं झालं, घरातलं.

मग ग्लॉक २०. मूठ इतकी जाड की चापापर्यंत माझं बोट जेमतेम टेकतं. आखूड मुठीचं एसएफ मॉडेल होतं, ते बरं बसलं. धक्का .४५ सारखा नाही, चापट मारल्यासारखा, वर. पहिली मॅगझिन सगळी छताकडे निघाली होती. प्रशिक्षकाने फक्त दोन गोष्टी सांगितल्या: डावा हात जास्त घट्ट आणि चाप ओढू नकोस, दाब. तिसर्‍या मॅगझिनला पंधरातल्या अकरा प्लेटवर. एक पुंगळी उडून शर्टाच्या कॉलरमध्ये गेली, मानेवर छोटा डाग अजून आहे. पुढच्या वेळी गळाबंद टी-शर्ट.

.४४ पण मागितलं. सहा बार काढले. तळहात दोन दिवस सुजला होता. वर्‍हाडी भाऊ, दंडवत.

शेवटी वापरलेलं ग्लॉक २० एसएफ घेतलं, ४८० ला, तीन मॅगझिनसकट. त्याआधी एका दुकानात तेच जवळपास नव्याच्या भावाला सांगत होते आणि नळी उजेडाकडे धरू का विचारलं तर काउंटरवरच्या माणसाने हातातून काढून घेतलं. तिथून सरळ बाहेर पडलो, पेंढारींची आठवण काढत. तीन दिवस थांबलो, मिळालं.

आतापर्यंत २०० गोळ्या झाल्या. दोनदा अडकलं, दोन्ही वेळा एकाच मॅगझिनमध्ये, दोन्ही वेळा शेवटच्या दोन गोळ्यांवर. मॅगझिनवर पेनाने खूण केली आणि पुढच्या वेळी तीच पहिल्यांदा लावली तर पुन्हा तिथेच. स्प्रिंग मेली असावी. ती बाजूला काढली, उरलेल्या दोन अजून तरी बिनबोभाट. जंगलासाठी आवरणाची २०० ग्रेनची गोळी आणलीय, तिच्या निदान पन्नास चालवून बघेन, मगच सॅक भरेन.

---

अवनी_मिसूला | ६ ऑगस्ट, रात्री १०:२०

मस्त! मनगट सैल पडलं तरी शेवटच्या गोळ्यांना असं होतं, पण तुम्ही मॅगझिन ओळखून काढलीत म्हणजे बहुतेक तीच. होल्स्टर घालून, वर सॅक चढवून, रिकाम्या पिस्तुलाने काढायचा सराव करा. सॅकचा छातीवरचा पट्टा नेमका दस्त्यावर येतो, तो दोन इंच वर घ्यावा लागतो. आणि स्प्रे डाव्या हाताला, आधी तोच.

---

काडतूसवाले_काका | ७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

बरं केलंस. पुंगळ्या गोळा केल्यास का? १० एमएमची पुंगळी फेकून द्यायची नसते. आज ना उद्या कुणीतरी परत भरणारा भेटेलच.

---

रानवाटसरू | ७ ऑगस्ट, सकाळी ९:०५

केल्या काका, कॉफीच्या डब्यात आहेत. २०० तल्या १९१. आठ शेजारच्या लेनमध्ये गेल्या, आणि कॉलरमध्ये गेलेली एक हिने देवघराशेजारच्या फळीवर ठेवलीय, का ते सांगत नाही.